लेसर, लेसर म्हणजे नेमकं काय? डोळ्याच्या ऑपरेशनला होकार देण्याआधी



गटाच्या बैठकीत कर्जमागणी सुरू झाली की हल्ली एक कारण वरचेवर ऐकू येतं, "डोळ्याचं लेसर करायचंय." सासूबाईंना मोतीबिंदू झाला की लेसर. मुलीचा चष्मा घालवायचा असला की लेसर. साखरेमुळे डोळ्यात रक्त उतरलं तरी लेसरच. शब्द एकच, पण ही तिन्ही कामं अगदी वेगवेगळी आहेत. पहिलं सरकारी दवाखान्यात मोफत होतं आणि त्यात बहुतेक वेळा लेसर लागतसुद्धा नाही. दुसरं निवांत विचार करून करायचं काम आहे, एक वर्ष थांबलं तरी काही बिघडत नाही. तिसऱ्याला उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून या अंकात एवढंच समजून घेऊया: कुठलं लेसर कशासाठी असतं, तिथे गेल्यावर काय काय होतं आणि घरी आल्यावर किती दिवस जपायचं. हे माहीत असलं की नको तिथे कर्ज काढलं जात नाही आणि हवं तिथे भीतीपोटी दिवसही वाया जात नाहीत.

आधी डोळा समजून घेऊ

डोळ्याच्या अगदी पुढे काळ्या भागावर एक पारदर्शक काच असते. तिच्या मागे रंगीत बुबुळ आणि मधोमध बाहुली, म्हणजे प्रकाश आत जायचं भोक. बाहुलीच्या मागे भिंग असतं. आणि सगळ्यात मागे पडदा, ज्याच्यावर चित्र उमटतं. काच, भिंग आणि पडदा हे तीन शब्द लक्षात ठेवा. डॉक्टरांना विचारताना हेच उपयोगी पडतात.

लेसर म्हणजे एकाच रंगाचा, एका रेषेत जाणारा जोरदार प्रकाश. पहिलं लेसर यंत्र १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी बनवलं. डोळा पुढून पारदर्शक असल्यामुळे हा प्रकाश चीर न पाडता आतपर्यंत पोहोचतो. पण सगळे लेसर एकसारखे नसतात. एक तासतो, एक भोक पाडतो, एक डागतो. आपल्याला सुचवलेला यातला कुठला, हा पहिला प्रश्न.

मोतीबिंदू: नाव लेसरचं, काम वेगळंच

वय वाढलं की डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपतात, पांढरं दूध पिवळट वाटतं. यावर कुठलाही थेंब, काढा किंवा मध चालत नाही. डोळ्यात लिंबू, कांद्याचा रस घालणं तर घातकच. गढूळ भिंग काढून त्या जागी नवं भिंग बसवणं हा एकच उपाय.

गावात ज्याला "लेसरने केलं" म्हणतात, ते बहुतेक वेळा फेको ऑपरेशन असतं. त्यात दोन-तीन मिलिमीटरची बारीक चीर देऊन ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करतात आणि ते ओढून घेतात. म्हणजे काम आवाजाच्या लहरींचं, प्रकाशाचं नाही. दुसऱ्या पद्धतीत चीर थोडी मोठी असते, पण तीही बिनटाक्याचीच. सरकारी दवाखान्यात आणि शिबिरांत ही पद्धत फार वापरतात आणि तिनेही नजर चांगली येते. डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि आनंदवनसारख्या ठिकाणी शिबिरं घेऊन त्यांनी गोरगरिबांची हजारो ऑपरेशनं केली. सरकारी म्हणजे कच्चं काम, हा समज मनातून काढून टाका.

खरं लेसर वापरून मोतीबिंदू काढायची पद्धतही मोठ्या शहरांत आहे. त्यात काही टप्पे लेसरने होतात, पुढचं काम मात्र ध्वनिलहरींनीच. खर्च बराच जास्त येतो. साध्या मोतीबिंदूत त्यामुळे नजर फार जास्त चांगली येते असं दिसलेलं नाही. तेव्हा "लेसरवालंच चांगलं" म्हणून कोणी गटातून मोठी रक्कम उचलायला निघालं तर जरा थांबून विचारा.

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, भिंगासकट. आपल्या आशाताईंना पुढच्या शिबिराची तारीख विचारा.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, कारण पुढे काही दिवस डोक्यावर पाणी घेता येणार नाही. काजळ लावू नका. साखर आणि रक्तदाब आधी तपासतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, खोकला असेल, कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आपण होऊन सांगा. नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या का, काही खायचं का, हे विचारून घ्या. सोबत एक माणूस, आधार कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवा.

"डोळा बाहेर काढून धुतात आणि परत बसवतात," असं अजूनही काही ठिकाणी सांगतात. असं काहीही होत नाही. डोळा जागच्या जागी असतो. आधी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. मग थेंबांनी किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात. पूर्ण भूल नसते, बोललेलं ऐकू येतं. चेहऱ्यावर कापड टाकतात, फक्त एक डोळा उघडा राहतो. पापणी मिटू नये म्हणून बारीक चिमटा लावतात. उजेड दिसतो, पाणी ओघळल्यासारखं वाटतं, दाब जाणवतो. सुरी दिसत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटं मान न हलवता पडून राहायचं. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर आधी तोंडाने सांगायचं.

त्यानंतर डोळ्यावर पट्टी बांधतात. बहुतेकींना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पट्टी निघाली की कधी लगेच स्वच्छ दिसतं, कधी चार-सहा दिवस लागतात. रंग एकदम उजळ वाटतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असला तरी एका वेळी एकच डोळा करतात.

आता दोन जुने समज. "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू." हे पूर्वी म्हणायचे, आता तशी गरज नाही. उलट फार पिकला तर भिंग कडक होतं, ऑपरेशन अवघड जातं आणि कधी डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाते. दुसरा समज, "उन्हाळ्यात डोळ्याचं करू नये." ऋतूचा काही संबंध नाही. स्वच्छता आणि थेंब यांचा मात्र पक्का संबंध आहे.

घरी आल्यावर

खरी परीक्षा इथेच असते. कारण पुरुषाचं ऑपरेशन झालं की त्याला खाटेवर चहा मिळतो आणि बाईचं झालं की तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे असते. महिनाभर हे पाळायचं:

- थेंब वेळेवर टाकायचे, हात साबणाने धुऊनच. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. थेंब साधारण चार ते सहा आठवडे चालतात, हळूहळू कमी करतात. "आता दिसतंय" म्हणून मध्येच बंद करू नका.
- डोळा चोळायचा नाही. झोपताना प्लास्टिकची वाटी किंवा डॉक्टरांनी दिलेलं झाकण लावायचं.
- डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. अंघोळ गळ्याखालून. तोंड ओल्या फडक्याने पुसायचं.
- भरलेला हंडा, गवताचा भारा, शेणाची पाटी उचलायची नाही. वाकून धुणं, सारवण नाही.
- चुलीचा धूर, मळणीची धूळ, मिरची कुटणं यांपासून लांब राहायचं.
- काजळ नको. पिंजर लावत असाल तर तेवढे दिवस टिकली लावा, म्हणजे भुकटी डोळ्यात पडणार नाही.

ही यादी वाचून तुम्ही हसाल. "मग पाणी कोण भरणार?" हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचं उत्तर ऑपरेशनच्या आधी ठरलं पाहिजे. घरात बोला. घरात जमत नसेल तर गटात बोला. दहा जणींनी दोन-दोन दिवस एकीचं पाणी भरलं तर तिचे वीस दिवस निघतात. पैशांइतकीच ही मदतही मोलाची आहे.

चष्म्याचा शेवटचा नंबर साधारण महिना-दीड महिन्याने काढतात. नेहमीच्या भिंगाने लांबचं चांगलं दिसतं, पण तांदूळ निवडायला, सुईत दोरा ओवायला जवळचा चष्मा लागतो. म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं समजू नका.

"पुन्हा मोतीबिंदू आला": इथे खरं लेसर लागतं

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत अंधूक दिसायला लागतं आणि बाई म्हणते, "माझं ऑपरेशन फुकट गेलं." मोतीबिंदू परत येत नाही. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलेलं असतं, तिची मागची बाजू काही जणींमध्ये धुरकट होते. तिथे लेसरने मधोमध एक छोटं भोक पाडतात.

यात चीर नाही, पट्टी नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं. टिकटिक आवाज येतो, प्रकाश चमकतो. पाच-दहा मिनिटांत संपतं, दुखत नाही. काही तास अंधूक दिसतं, काही दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात. नजर बहुतेकींना एक-दोन दिवसांत सुधारते. एवढ्या कामासाठी घाबरून वर्षभर अंधारात बसू नका.

साखर आणि काचबिंदू: इथे घड्याळ चालू असतं

ज्यांना साखर आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचा. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पाझरतात, फुटतात. सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. डोळा दुखत नाही, नजरही ठीक असते. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा.

पडद्याच्या लेसरमध्ये बारीक बारीक ठिकाणी डागतात, म्हणजे पुढचं पाझरणं आणि रक्तस्राव थांबतो. बसूनच करतात. डोळे दिपवणारा प्रकाश चमकतो, मधूनच टोचल्यासारखं होतं. बऱ्याचदा दोन-तीन वेळा किंवा जास्त वेळा जावं लागतं. नंतर रात्रीचं किंवा कडेचं थोडं कमी दिसू शकतं. काही जणींना लेसरऐवजी किंवा लेसरबरोबर डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात. आणि एक गोष्ट मनाची तयारी म्हणून आधीच सांगते: हे लेसर उरलेली नजर वाचवण्यासाठी असतं. गेलेली नजर त्याने परत येईलच असं नाही. "लेसर करूनही दिसेना" म्हणून पुढची फेरी चुकवणं म्हणजे उरलेलंही घालवणं.

काचबिंदूतही तसंच. त्यात डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकते. काही प्रकारच्या काचबिंदूत बुबुळाला लेसरने बारीक भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून देतात. तेही बसून, काही मिनिटांत. त्यानंतरही थेंब आणि तपासणी चालूच ठेवायची. घरात आईवडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपणही दाब तपासून घ्यावा.

चष्मा घालवायचं लेसर

आता मुलींचा विषय. पोलीस भरती, लग्न, नाहीतर नुसतीच हौस. यात डोळ्याच्या पुढच्या काचेला लेसरने तासून नवा आकार देतात, म्हणजे चित्र पडद्यावर बरोबर पडतं. या शोधात भारतात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा वाटा आहे. रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ साली त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर हा लेसर चालवून पाहिला, तेव्हा आजूबाजूचं मांस न भाजता अगदी स्वच्छ कापलं गेलं. पुढे डोळ्याच्या डॉक्टरांनी ते तंत्र काचेसाठी वापरलं.

हे सगळ्यांना चालत नाही. वय १८ पूर्ण हवं आणि किमान वर्षभर नंबर बदललेला नसावा. काच साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. ती फार पातळ असेल किंवा तिचा आकार शंकूसारखा होत असेल तर हे लेसर करत नाहीत. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना करत नाहीत. डोळे फार कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार. चांगल्या ठिकाणी तपासणीलाच तास-दोन तास लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर तपासणीआधी काही दिवस बंद ठेवायला सांगतात. तपासणी न करताच "आज सूट आहे, पैसे भरा" म्हणणाऱ्या ठिकाणाहून सरळ परत या.

प्रत्यक्षात थेंबांनी डोळा बधिर करतात. पापण्यांना चिमटा लावतात. डोळा धरून ठेवताना दाब येतो आणि काही सेकंद दिसेनासं होतं. घाबरू नये. मग समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं. टिकटिक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो. एका डोळ्याचं लेसर सहसा मिनिटाच्या आत होतं. दोन्ही डोळे मिळून वीस-तीस मिनिटं.

नंतर चार-सहा तास डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं. घरी जाऊन झोपावं. दुसऱ्या दिवशी बहुतेकींना चांगलं दिसतं. काही पद्धतींत मात्र तीन-चार दिवस दुखतं आणि नजर हळूहळू येते. डोळा चोळायचा नाही, काही आठवडे विहिरीत-नदीत पोहायचं नाही, काजळ नाही. डोळे कोरडे वाटणं आणि रात्री दिव्याभोवती वलय दिसणं काही महिने राहू शकतं, क्वचित जास्तही.

होकाराआधी अजून चार गोष्टी. चाळिशी आली की जवळचा चष्मा लागतोच, हे लेसर ते टाळत नाही. मोठ्या उणे नंबरवाल्यांचा पडदा नाजूक असतो आणि चष्मा गेला तरी तो तसाच राहतो, म्हणून पडद्याची तपासणी सोडायची नाही. भरतीसाठी करायचं असेल तर जाहिरातीतली वैद्यकीय अट आधी वाचा. काही दलांत असं ऑपरेशन चालत नाही, काही ठिकाणी अटी असतात. आणि ऑपरेशनचे कागद जन्मभर जपा. म्हातारपणी मोतीबिंदू झाला तर भिंगाचा नंबर काढायला ते लागतात.

खर्च दोन्ही डोळ्यांचा पंचवीस-तीस हजारांपासून लाखाच्या आसपास जातो. चष्मा हा काही आजार नव्हे, त्यामुळे इथे घाई कसलीच नाही. पाहुणे बघायला यायच्या आत उरकायचं म्हणून मुलीला नेऊ नका. डोळा तिचा आहे, जोखीम तिची आहे, निर्णयही तिचाच असू द्या.

कधी लगेच पळायचं?

वरचं कुठलंही काम झाल्यावर दुखणं वाढत गेलं, डोळा जास्त लाल झाला, पू आला, आलेली नजर कमी झाली, विजा चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. "उद्या बघू", "बाजाराच्या दिवशी जाऊ" असं नको. रात्र असली तरी फोन करा. म्हणून निघतानाच दवाखान्याचा नंबर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

गटाने विचारायचे प्रश्न

डोळ्यासाठी कर्जमागणी आली की ती नाकारू नका आणि डोळे झाकून मंजूरही करू नका. त्या ताईला, मावशीला हे प्रश्न लिहून द्या आणि उत्तरं डॉक्टरांकडून आणायला सांगा:

- माझा आजार कुठे आहे: काचेत, भिंगात की पडद्यात?
- यात लेसर खरंच लागतं का? कशासाठी?
- केल्याने नजर सुधारेल की आहे तेवढी टिकेल?
- थांबलं तर काय बिघडेल? किती दिवस थांबता येईल?
- हेच सरकारी दवाखान्यात किंवा योजनेत होतं का?
- भिंग, थेंब, पुन्हा तपासणी धरून एकूण खर्च किती?

सही करायच्या कागदावर काय लिहिलंय ते मराठीत समजावून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. न समजता अंगठा नको.

पुढच्या बैठकीत एक काम करूया. बचत जमा झाली की प्रत्येकीने भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सहा-सात पावलं लांब उभं राहायचं. डावा डोळा तळहाताने झाकून मोठे आकडे वाचायचे, मग उजवा झाकून. चष्मा असेल तर लावूनच. आपल्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून बघायची सवय असते, त्यामुळे एक डोळा अधू झालेला कळतच नाही. जिला एका डोळ्याने आकडे पुसट दिसतील किंवा शेजारणीपेक्षा बरेच कमी वाचता येतील, तिचं नाव इतिवृत्तात लिहा आणि आशाताईंकडे द्या. साखर असलेल्यांची नावं वेगळी लिहा, आकडे नीट वाचता आले तरीसुद्धा. महिनाअखेर ती यादी माझ्याकडे पाठवा. जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीच्या दिवशी आपण सगळ्या मिळून एकाच गाडीने जाऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक